आधारकार्डाचा फोटो भिंतीवर लागण्याआधी

खानापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेल्या दिवाळीत जाण्याचा योग आला. सोप्यात भिंतीवर ओळीनं फोटो लावलेले. पहिला घरातल्या पणजोबांचा. मिरजेच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. साल कुणाला नक्की सांगता येत नाही, पण स्वातंत्र्याच्या आधीचा. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, हात काठीवर, नजर थेट समोर. काच डागाळली आहे, एका कोपऱ्याला कसर लागली आहे, तरी मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. शेजारी त्यांच्या मुलाचा, म्हणजे या घरातल्या आजोबांचा फोटो. ते २०२१ साली वारले. फोटो मोठा आहे, रंगीत आहे, सोनेरी चौकटीत आहे. चेहरा मात्र ओळखू येत नाही. डोळ्यांच्या जागी दोन काळपट ठिपके आणि बाकी सगळं पाण्यात पडलेल्या सावलीसारखं.

"आधारकार्डावरला हाय तो," घरातले थोरले म्हणाले. "वारलं तवा दिवसाला फोटो पायजे म्हणून हुडकाय लागलो, तर दुसरा कुठला घावंनाच. इट्याला जाऊन त्योच मोठा करून आणला."

त्या दिवशी त्या घरात सहा मोबाईल होते. त्यात डाळिंबावरच्या तेल्याचे फोटो होते, खिलार खोंडाचे होते, ठिबकच्या फुटलेल्या नळीचे होते, बाजारातल्या पावत्यांचे होते. ज्यांनी ती डाळिंबाची बाग लावली, त्यांचा समोरून काढलेला एकही धड फोटो नव्हता. एका लग्नाच्या पंगतीत ते पाठमोरे बसलेले, आणि एका वाढदिवसाला केकच्या मागे अर्धे.

ही एकाच घरची कथा नाही. आपल्या खेड्यांतल्या जुन्या पिढीत असे कितीतरी जण आहेत, ज्यांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला तो मतदार ओळखपत्रासाठी. शेषनसाहेबांच्या कारकिर्दीत, १९९३ साली, फोटोच्या ओळखपत्राचा आदेश निघाला आणि नंतर गावोगाव शाळेच्या व्हरांड्यात रांगा लागल्या. पुढे आधार आलं. देशातलं पहिलं आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं. ही दोन्ही कामं मोठी. पण तो फोटो कचेरीसाठी. माणूस ओळखण्यापुरता, नखाएवढा. तो दीड फूट करून भिंतीवर लावायचा म्हणजे मूठभर बियाण्यात एकर पेरायला निघण्यासारखं आहे.

या घरातला नातू गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. विटा-आटपाडी भागातल्या वाचकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या या कामासाठी इथली माणसं देशभर पसरली आहेत. दिवाळीला गावी आलेल्या या पोरानं हट्ट धरला होता, "आज्जीचा फोटो काढायचा. पण पणजोबांच्यासारखा. जुन्या काळचा वाटला पायजे. दुकानात लावणार हाय." प्रस्तुत लेखकानं तरुणपणी तालुक्याच्या एका स्टुडिओत चार वर्षं लाल दिव्याखाली काढलेली आहेत, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग काय, चहा घेऊन उठायचा बेत राहिला बाजूला.

ओरखडे कशाला?

आम्ही जायच्या आधीच त्यानं एक प्रयत्न करून ठेवला होता. अंगणात भर दुपारी आजीला उभं केलं, फोटो काढला आणि मोबाईलमधला 'विंटेज' नावाचा फिल्टर मारला. झालं काय, तर फोटो चहा सांडल्यासारखा तपकिरी झाला आणि त्यावर आपोआप पांढरे ठिपके आणि उभे-आडवे ओरखडे उमटले. आजीनं मोबाईल जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाली, "आरं, माझ्या तोंडावर हे कुणी वरबाडलंय?"

आजीचं म्हणणं सोळा आणे खरं. पणजोबांचा फोटो मिरजेहून घरी आला त्या दिवशी त्यावर एक ओरखडा नव्हता. डाग, कसर, पिवळेपणा ही नंतरच्या पावसाळ्यांची करणी. स्टुडिओवाल्यानं दिला तो स्वच्छ आणि चोख माल. त्यामुळे जुन्यासारखा फोटो काढायचा म्हणजे जुन्या फोटोची दुखणी नव्या फोटोला लावायची नाहीत. त्या माणसानं काम कसं केलं, ते करायचं.

तपकिरी रंगाचंही असंच. तो जुना झाल्यामुळे आला, असं सगळ्यांना वाटतं. काही फोटो उजेडानं आणि दमटपणानं पिवळे पडतात हे खरं, पण मुद्दाम तपकिरी केलेलेही पुष्कळ असत. काळ्या-पांढऱ्या फोटोतला काळा भाग म्हणजे बारीक चांदी. गंधकाच्या द्रावणातून तो कागद काढला, की चांदीचं सल्फाइड होतं, रंग तपकिरी येतो आणि फोटो जास्त टिकतो. दागिना गंधकानं काळवंडतो, तीच जात. नातवाला हे ऐकून भारी मौज वाटली. एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणि स्टुडिओतलं वापरलेलं हायपोचं पाणी यांतून चांदी काढतात, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. आपल्या पणजोबांच्या मिशा चांदीच्या आहेत हे मात्र नव्हतं.

कुंकू काळं का दिसायचं

आता लाल दिव्याचं सांगतो, कारण सगळी गंमत तिथं आहे. फोटो धुण्याच्या खोलीत लाल दिवा का असायचा? तर त्या कागदाला लाल उजेड दिसतच नसे. लाल दिवा असला तरी कागदाच्या लेखी अंधारच. फार पूर्वीच्या काचेच्या प्लेटांचंही तसंच. त्यांना निळा-जांभळा उजेड भरपूर दिसे, पिवळा कमी, आणि लाल जवळजवळ नाहीच. नंतरच्या ऑर्थो फिल्मला हिरवाही दिसू लागला, लाल तरीही नाही. सगळे रंग बघणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून मिळू लागल्या, पण जुनी तऱ्हा स्टुडिओंमधून पुढंही बरीच वर्षं चालू राहिली.

याचा परिणाम बघा. लाल कुंकू काळंभोर यायचं. लाल फेटा काळा दिसायचा. निळं लुगडं पांढुरकं यायचं, निळं आभाळ तर कोरं पांढरं. आपला गव्हाळ-सावळा रंग, त्यात तांबूस छटा जास्त, म्हणून चेहरा असेल त्याहून एक पट्टी गडद आणि सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी. तेव्हा ज्यांच्या घरी असे जुने फोटो आहेत त्यांनी आजोबांचा फेटा काळा दिसतो म्हणून काळा होता, असं धरून चालू नये. या घरात पणजोबांच्या फेट्यावरून वाद होताच. आजीनं तो एका वाक्यात मिटवला. "मामंजींचा फेटा लालच. मी धुतलाय."

मोबाईलवर हीच तऱ्हा आणता येते आणि त्याला पैसा लागत नाही. फोटो रंगीतच काढायचा. मग त्याची एक प्रत करून, त्या प्रतीवर काम करायचं. स्नॅपसीडसारख्या फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये फोटो काळा-पांढरा करताना वर रंगीत काच धरल्यासारखी सोय असते: लाल, पिवळी, हिरवी, निळी. लाल काच निवडली तर चेहरा गोरा-गुळगुळीत होतो, कुंकू पुसून जातं. हिरवी निवडली तर कुंकू गडद उठतं, चेहऱ्याला धार येते. निळी म्हणजे थेट काचेच्या प्लेटांचा जमाना. पण आपल्याकडच्या चेहऱ्यांना ती फार होते, माणूस आजारी दिसायला लागतो. आम्ही हिरवीवर थांबलो. मूळ रंगीत फोटोला हात लावू नये. पुढं एखाद्या कागदपत्राला फोटो लागला तर रंगीत मागतात, आणि एकदा रंग घालवून तीच प्रत ठेवली की तो परत आणता येत नाही.

काचेचा स्टुडिओ आपल्या रानात आहे

फोटो काढण्याची युक्ती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली १८५४ साली, म्हणजे आपल्याकडं हे वारं लवकर आलं. निजामाच्या दरबारी छायाचित्रकार असलेले राजा दीनदयाळ यांचे इंदूर आणि सिकंदराबादेत स्टुडिओ होते. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी गोध्र्याला फोटोचाच धंदा करत होते. त्या काळी विजेच्या दिव्यांवर भागत नसे. म्हणून चांगल्या स्टुडिओला काचेचं छप्पर किंवा उत्तरेला मोठी काच आणि त्याखाली पांढरे पडदे असत. उत्तरेलाच का, तर आपल्याकडं वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो. उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरत नाही, नुसता मऊ उजेड येतो.

पांढरट छप्पर, वरून गाळून आलेला उजेड, सावली कुठंच कडक नाही. वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. ढोबळी मिरचीचं पॉलिहाउस म्हणजे तेच की!

शेजारच्या वस्तीवर एक होतं. मालकाला विचारलं, ते म्हणाले, "फोटो काढा, पर रोपांच्या वाफ्यात पाय घालू नका." सकाळी आठच्या सुमारास गेलो. ही वेळ मुद्दाम निवडली. दहानंतर पॉलिहाउसमध्ये किती उकडतं ते तिथं काम करणाऱ्या बायकांना विचारा. म्हातारं माणूस तिथं बसवायचं म्हणजे जिवावरचं काम. आणि बाहेरून गारव्यातून आत गेल्यावर मोबाईलच्या काचेवर वाफ धरते, ती पुसून पाच मिनिटं थांबावं लागतं. आम्ही थांबलो नाही. पहिले दोन फोटो धुक्यातले निघाले.

दुसरी अडचण अशी, की पॉलिहाउसमध्ये उजेड चारी बाजूंनी येतो. चेहरा सपाट दिसतो, नाकाला उठाव येत नाही. त्यावर इलाज घोंगडीचा. काळी घोंगडी उजेड पिऊन टाकते. एक आजीच्या मागं चार-पाच फुटांवर तारेला अडकवली, ती झाली पार्श्वभूमी. दुसरी तिच्या डाव्या अंगाला दोन हातांवर धरली. लगेच डाव्या गालावर सावली उतरली आणि चेहरा भरीव झाला. मागं ताडपत्री लावायचा मोह होतो, लावू नये. ती चकाकते आणि तिचा निळा-पिवळा रंग चेहऱ्यावर येतो. हिरव्या शेडनेटखालीही चेहरा हिरवट होतो, म्हणून नेट असलं तर पांढरंच बरं.

पॉलिहाउस नाही त्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. उत्तरेला तोंड असलेलं दार, पडवी, एक बाजू उघडी असलेला गोठा, सगळं चालतं. माणूस उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर बसवायचा, तोंड दाराकडं तिरकं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या दारातही तिरपं ऊन येतं, तेवढ्या वेळा टाळाव्यात. ऊन येतच असेल तर दारावर जुनं धुतलेलं धोतर बांधावं. त्यासारखा पडदा बाजारात पैसे देऊन मिळायचा नाही.

पोत्यावर मोबाईल

मोठ्या डब्याच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला पूर्वी काही सेकंद लागत. तेवढा वेळ माणूस हलता कामा नये, म्हणून खुर्चीच्या मागं मान टेकवायला लोखंडी आकडा असे; फोटोत तो दिसत नसे. पणजोबांचा हात काठीवर आहे तो रुबाबासाठी आहेच, पण हात स्थिर राहावा म्हणूनही आहे. जुन्या फोटोत कुणी हसत नाही, त्याचं एक कारण हेही. हसू तेवढा वेळ टिकत नाही. आता मोबाईल डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो काढतो, पण तो थांबलेला भाव हवा असेल तर माणसाला थांबवावं लागतं.

मोबाईल हातात धरायचा नाही. तिवई नसेल तर धान्याची दोन पोती एकावर एक ठेवून, वरच्या पोत्यात मोबाईल खोचावा. तो आजीच्या छातीच्या उंचीवर आला पाहिजे. अंतर सात फूट. इथं बहुतेक जण चुकतात. दीड-दोन फुटांवरून फोटो काढला की नाक मोठं, कान मागं गेलेले आणि कपाळ फुगलेलं दिसतं. जुना कॅमेरा लांबून बघायचा म्हणून त्यात चेहऱ्याची ठेवण खरी यायची. सात फुटांवरून मोबाईलचा झूम दोनवर घ्यावा, त्याहून जास्त नको. फ्लॅश बंद. ब्युटी मोड बंद, हे तर दोनदा तपासावं. नव्या मोबाईलमध्ये तो न विचारता चालू असतो आणि सत्तर वर्षांच्या सुरकुत्या पुसून टाकतो. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वापरायचा तर पदराची कड आणि चष्म्याची दांडी कापली गेली नाही ना, ते बघावं. घोंगडी मागं असली तर त्याची गरजही पडत नाही. काळी घोंगडी बघून मोबाईल उगाच उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक करतो, म्हणून पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा. दहा सेकंदांचा टायमर लावावा आणि बाजूला व्हावं.

आम्ही ठरवलं होतं, सहाच फोटो काढायचे. जुना फोटोग्राफर एक-दोन प्लेटा काढायचा, कारण प्लेटेला पैसे पडत. फुकट म्हणून शंभर काढले, की माणूस दहाव्या फोटोला कंटाळतो आणि तोंडावर तो कंटाळा उमटतो.

आजी हाताच्या लाकडी खुर्चीत बसली. बसली ती अंग चोरून, आधार केंद्रावर बसावी तशी. "आज्जे, मान वर कर. हितं बघ. हलू नगंस," नातू सूचना करत होता आणि प्रत्येक सूचनेबरोबर ती आणखी आखडत होती. त्याला म्हटलं, तू गप्प बस बघू. आजीला विचारलं, या खुर्चीत आधी कोण बसायचं? "ह्येच बसायचं की. आणि कोन बसतंय दुसरं?" एवढं म्हणाली आणि हात खुर्चीच्या हातावर सरळ ठेवला, पाठ टेकली. तिसरा आणि पाचवा फोटो चांगला निघाला. दोनात डोळे मिटले, एकात माशी.

खोटा चेहरा

ते झाल्यावर नातवानं आजोबांचं काढलं. हल्ली अशी ॲप आलीत, की अस्पष्ट फोटो घातला की क्षणात स्वच्छ करून देतात. त्यानं आधारकार्डाचा तो फोटो घातला. खरंच, एक रुबाबदार म्हातारा समोर आला. डोळे पाणीदार, पापण्या ठसठशीत, दाढीचे खुंट सुद्धा मोजावेत. सगळे खूश. आजीकडं मोबाईल दिला. तिनं लांब धरून, जवळ धरून बघितलं.

"कोन म्हनायचं ह्ये?"

कुणी काही बोललं नाही. ॲपचा दोष एवढाच, की नखाएवढ्या फोटोत जे उमटलंच नाही ते त्याला कळायचा मार्ग नसतो. ते इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाजानं डोळा बसवतं, अंदाजानं ओठ. नातेवाइकांना थोडं चुकल्यासारखं वाटतं. ज्या माणसानं चेहऱ्याजवळ पन्नास वर्षं काढली त्याला तो परका दिसतो. आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. स्टुडिओत असताना, फोटो नसलेल्या माणसाचं डोकं लग्नाच्या घोळक्यातून कापून दुसऱ्याच्या कोटावर बसवून दिलेलं आहे, आणि त्याचे पैसे घेतलेले आहेत. ज्याला कोट घातला त्यानं जन्मात कोट घातला नसेल. ते कुटुंब अजून त्याच फोटोला हार घालतं. म्हणून निदान ॲपनं केलेल्या प्रतीमागं तसं लिहून ठेवावं आणि मूळ प्रत, कितीही वाईट असो, फेकू नये.

ज्यांच्या घरचं माणूस गेलंय आणि फोटो नाही, त्यांनी आधी पावण्या-रावळ्यांचे अल्बम पालथे घालावेत. लग्नाच्या घोळक्यातला पोस्टकार्डाएवढा फोटोही आधारपेक्षा कितीतरी बरा. अल्बमच्या मागल्या खिशात काळपट पट्ट्या सापडल्या, तर त्या निगेटिव्ह, फेकून देऊ नयेत. त्यातून फोटोपेक्षा स्वच्छ प्रत निघते. जुना फोटो मोबाईलनं उतरवायचा तर सावलीत, मोबाईल फोटोला समांतर धरून. काच शक्य असेल तर काढावी, पण फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, ओढला की चेहराच काचेवर राहतो.

कागद आणि चौकट

मोबाईलमध्ये राहिलेला फोटो मोबाईलबरोबर जातो. विहिरीत पडलेल्या मोबाईलची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. फोटो छापून घ्यावा. बारा मेगापिक्सेलच्या साध्या मोबाईलचा फोटो आठ बाय बारा इंचाला आरामात पुरतो. मात्र दुकानदाराला तो वॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नये, तो वाटेत बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा किंवा केबलनं, पेनड्राइव्हनं द्यावा. कागद मॅट सांगावा, चकचकीत नको. रंगीत फोटोच्या यंत्रावर काळा-पांढरा छापला की कधी हिरवट तर कधी जांभळट झाक येते, म्हणून आधीच मोबाईलवर किंचित तपकिरी छटा देऊन ठेवावी. किंचित म्हणजे जेमतेम कळेल इतकी.

चौकटीत फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कड घालायला सांगावी, म्हणजे पावसाळ्यात फोटो काचेला चिकटत नाही. चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवावेत. भिंतीची ओल थेट लागत नाही. चुलीचा धूर आणि समोरच्या दारातलं ऊन, दोन्हीपासून लांब टांगावा.

शाळेचा व्हरांडा रिकामाच असतो

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींसाठी एक गोष्ट. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांच्या नावांची पाटी बहुतेक ठिकाणी असते. महाराष्ट्रात आजची पंचायत राज व्यवस्था १ मे १९६२ रोजी सुरू झाली. पहिल्या दहा-वीस वर्षांतल्या सरपंचांचा चेहरा आज किती गावांत दाखवता येईल? त्यातले जे आहेत ते नव्वदीकडं झुकलेले. एखाद्या रविवारी शाळेच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात एक खुर्ची, दोन घोंगड्या, दोन पोती आणि गावातलाच एखादा कॉलेजला जाणारा पोरगा, एवढ्यावर गावातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांचे फोटो एका सकाळी होतील. खर्च फक्त छपाईचा. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या दारी जावं. फोटो काढण्याआधी विचारावं, आणि ज्याचा त्याचा फोटो त्याच्या घरी पोचता करावा; तो न विचारता गावाच्या ग्रुपवर टाकू नये. रांग मात्र लावू नका. एकेकाला दहा मिनिटं द्या. रांगेतला फोटो त्यांचा एकदा निघालेला आहे.

फोटोच्या मागं

आजीचा फोटो विट्याहून छापून आला तेव्हा नातवाला जायला दोन दिवस होते. फोटो चांगला आला होता. कुंकू काळंभोर, डाव्या गालावर सावली, खुर्चीच्या हातावरचा हात शिरांसकट. आजीनं बघितला आणि काही न बोलता पदरानं काचेचा कोपरा पुसला; काच नवीनच होती.

चौकटीत बसवण्याआधी मागं नाव-गाव लिहायचं राहिलं होतं. शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहावं. बॉलपेन दाबलं की खूण पुढं उमटते. नातवानं नाव लिहिलं, आधारकार्ड काढलं आणि जन्मतारीख लिहायला लागला, १ जानेवारी १९४८.

"त्ये कशाला लिवतोस? त्ये त्या पोरीनं घातलंय मनानं," आजी म्हणाली. नोंद नसली की आपल्याकडं सगळी म्हातारी माणसं एक जानेवारीला नाहीतर एक जूनला जन्मलेली असतात. मग खरी तारीख कोणती? आजीनं बोटं मोजली. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या साली लग्न झालं, तवा पंधरावं सरलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाय जायची तवा थोरला चालत होता नि धाकला पाटीत निजवलेला असायचा. भूकंप १९६७ चा. नातवानं हिशेब केला, खोडलं, आणि लिहिलं: "जन्म अंदाजे १९५१. आजीनं स्वतः सांगितल्याप्रमाणे."

मग पणजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला. मागं काहीच लिहिलेलं नव्हतं. आजी सांगत गेली आणि तो चौकटीच्या पुठ्ठ्यावर लिहीत गेला. शेवटच्या ओळीत आजीनं फेटा घालायला लावला. "लाल म्हनून लिव."